चरबीचा टक्का मोजायचा कशाने? स्मार्ट काटा, जिममधलं मशीन, चिमटा, टेप आणि डेक्सा यांची पारख

घरात स्मार्ट वजनकाटा असेल तर पुढे वाचण्याआधी एक करून बघा. जाड, कोरडे सुती मोजे घालून त्यावर उभे राहा. वजन दिसेलच. पण त्याबरोबर चरबीचा ताजा टक्काही आला, तर तो काटा तुमच्या शरीरातून काहीच मोजत नाही. कोरड्या जाड मोज्यातून वीज पुरेशी जात नाही, म्हणजे तो आकडा ॲपमध्ये भरलेली उंची, वय, लिंग आणि समोरचं वजन यांच्यावरून काढलेला असतो. असा काटा वजनापुरता वापरा, चरबीच्या रकान्याकडे बघूच नका. चांगला काटा अशा वेळी चरबीच्या जागी नुसत्या रेघा दाखवतो किंवा अनवाणी उभं राहायला सांगतो.

वजन-उंचीवरून चरबी काढण्यात बिघडतं काय, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्याचं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, २२.३. डेक्सावर, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी मोजणाऱ्या मशीनवर, मात्र युडकिन यांची चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२. आता बीएमआयवरून चरबी सांगणारं एक सर्रास वापरलं जाणारं सूत्र घ्या: बीएमआय गुणिले १.२, अधिक वय गुणिले ०.२३, वजा ५.४, आणि पुरुष असेल तर आणखी वजा १०.८. त्यात २२.३ आणि वय ५० घातलं की कोणत्याही पुरुषाला २२ टक्केच मिळतात, मग तो रोज दहा किलोमीटर धावणारा असो की दिवसभर खुर्चीत बसणारा. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, अशी शरीरं आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांच्या बाबतीत हे सूत्र सहज चुकू शकतं.

जिवंत माणसाची चरबी तोलून देणारं यंत्र जगात नाही. खरोखर तोलायची तर मृतदेहाचं विच्छेदन करून ती वेगळी काढावी लागते. बेल्जियममध्ये ब्रसेल्सला २५ मृतदेहांवर ते जिकिरीचं काम झालं आणि १९८४ साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. बाकी प्रत्येक पद्धत मोजते दुसरंच काहीतरी: विजेला होणारा विरोध, कातडीच्या घडीची जाडी, कमरेचा घेर, अडलेले क्ष-किरण. त्यावरून सूत्राने चरबी काढली जाते. म्हणून चुका दोन ठिकाणी होतात. मोजण्यातली चूक काळजी घेऊन कमी करता येते. सूत्रातली चूक आपल्या हातात नाही, पण एकाच माणसासाठी ती बहुतेक वेळा एकाच बाजूला आणि तेवढीच राहते. काटा तुम्हाला २४ दाखवत असेल आणि खरी चरबी २८ असेल, तरी तीन महिन्यांनी तोच काटा त्याच परिस्थितीत २१ दाखवत असेल, तर चरबी उतरली आहे. या सगळ्या वस्तू आणि सेवांकडे त्याच नजरेने बघायचं. खरा आकडा कोण सांगतं हा प्रश्न बाजूला ठेवा. आपली चूक दरवेळी सारखी कोण ठेवतं, ते बघा.

घरचा स्मार्ट काटा

हजार-दोन हजारांत मिळणारे बहुतेक काटे फक्त तळपायांतून वीज सोडतात. एक मिलिअँपिअरपेक्षा कमी, बहुधा ५० किलोहर्ट्झचा प्रवाह एका पायातून वर चढतो आणि दुसऱ्या पायातून खाली येतो. पाण्याने भरलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीतून अडखळतो. उंचीचा वर्ग भागिले हा विरोध, हा सूत्राचा कणा. अडचण अशी की प्रवाहाचा रस्ता पायांमधूनच जातो, पोटाला तो जेमतेम शिवतो. धडात शरीराचं जवळपास निम्मं वजन असतं, पण धड रुंद असल्यामुळे एकूण विरोधात त्याचा वाटा दहाव्या हिश्शाच्या आसपासच पडतो. म्हणजे जिथली चरबी आपल्याला सगळ्यात जास्त छळते, तिथलंच या काट्याला सगळ्यात कमी कळतं. हातात धरायचे दांडे असलेला काटा, उदाहरणार्थ ओमरॉनचे हात-पाय दोन्हींकडून मोजणारे मॉडेल, या बाबतीत पुष्कळ बरा. पैसे घालायचेच असतील तर तिथे घाला.

उंची भरताना चूक करू नका. १७० ऐवजी १७२ भरलं की उंचीचा वर्ग जवळपास अडीच टक्क्यांनी वाढतो आणि ७० किलोच्या माणसाची चरबी बसल्या जागी किलोभर कमी दिसते. 'ॲथलीट मोड' हेही नुसतं सूत्र बदलणारं बटण आहे. ते चालू केलं की तोच माणूस त्याच मिनिटाला कितीतरी बारीक होतो. एकदा ठरवा आणि पुन्हा हात लावू नका.

काटा विकत घेतल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत त्याची परीक्षा घ्या. सकाळी पाच वेळा चढा-उतरा. प्रत्येक दोन वेळांच्या मध्ये हातात दोनेक किलोची तांदळाची पिशवी धरून एकदा उभे राहा, कारण काही काटे मागचंच वजन लक्षात ठेवून तोच आकडा पुन्हा दाखवतात आणि आपल्याला वाटतं की केवढा अचूक आहे! पिशवीशिवायचे पाच आकडे अर्ध्या टक्क्याच्या आत यायला हवेत. मग लिटरभर पाणी पिऊन लगेच उभे राहा. पोटातल्या पाण्याने वजन किलोभर वाढतं, पण पायांतला विरोध तेवढाच राहतो. साहजिकच काटा ते पाणी चरबीच्या खात्यात टाकतो: ७० किलो वजन आणि २० टक्के चरबी असेल तर आकडा २१ पर्यंत जाऊ शकतो. हा काट्याचा दोष नाही, या पद्धतीचाच स्वभाव आहे. तो एकदा डोळ्यांनी बघितला की संध्याकाळी जेवून-खाऊन काट्यावर चढायची सवय आपोआप सुटते.

वेळ पक्की ठेवा: सकाळी उठल्यावर, लघवी-शौच झाल्यावर, काहीही न खाता-पिता. काटा सपाट फरशीवर ठेवा. गालिचा, डोअरमॅट किंवा उंचसखल शहाबादी फरशी नको. तळपाय पुसून किंचित ओलसर असू द्या. भेगाळलेल्या, घट्टे पडलेल्या टाचांचा संपर्क नीट होत नाही आणि आकडा उड्या मारतो. अशा वेळी ओल्या फडक्याने टाचा पुसल्या की फरक पडतो. मांड्या एकमेकींना चिकटत असतील तर मध्ये कोरडा पंचा धरा, नाहीतर प्रवाह वरूनच आडवाटेने निघून जातो. रोजचा आकडा बघून आनंद किंवा दुःख करू नका, आठवड्याची सरासरी लिहा. पेसमेकर असलेल्यांनी या काट्यावर उभं राहू नये. गरोदरपणात तर हे आकडे निरर्थकच असतात.

'व्हिसरल फॅट', 'बॉडी एज', 'प्रोटीन टक्का' असे दहा-बारा रकाने ॲप दाखवतं. तळपायांतून घेतलेल्या एका विरोधाच्या आकड्यातून ते सगळे ओढूनताणून काढलेले असतात. त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

जिममधलं मशीन

इनबॉडीसारखी उभं राहायची मशीन आठ इलेक्ट्रोडची (वीज सोडणाऱ्या-घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची) असतात, हात, पाय आणि धड वेगवेगळं मोजतात आणि एकाहून जास्त फ्रिक्वेन्सी वापरतात. घरच्या काट्याशी यांची बरोबरी नाही, ही खूप उजवी आहेत. मात्र चरबी नसलेल्या शरीरात साधारण ७३ टक्के पाणी असतं, हे गृहीत यांनाही सुटत नाही. पाणी हललं की आकडा हलतो.

तो कसा हलतो ते माहीत असलं की रिपोर्ट वाचता येतो. अंगात पाणी कमी असलं की विरोध वाढतो आणि चरबी जास्त दिसते. व्यायाम संपल्या संपल्या उभं राहिलं तर उलटं होतं: कातडी तापलेली, रक्त कातडीकडे धावलेलं, विरोध उतरलेला, चरबी कमी. भात-पोळी सोडून केलेल्या डाएटच्या पहिल्या आठवड्यात एक-दोन किलो वजन जातं ते बरंचसं ग्लायकोजेन (स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर) आणि त्याच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी. एक ग्रॅम ग्लायकोजेनमागे साधारण तीन ग्रॅम. मशीन त्याला 'स्नायू घटले' म्हणतं आणि लोक घाबरून डाएट सोडतात. नवरात्रात नुसत्या फळांवर आणि ताकावर राहिलेल्यांचा रिपोर्ट असाच येतो. (साबुदाणा-बटाट्याच्या उपवासाला हे लागू नाही, तिथे कार्बोहायड्रेट भरपूरच असतं.)

यातूनच जिमच्या 'आधी आणि नंतर'च्या कागदांमधली खोट कळते. पहिला रिपोर्ट नाव नोंदवायला गेलेल्या दिवशी संध्याकाळी, चहा-वडापाव झालेला, जीन्स घातलेली. दुसरा तीन महिन्यांनी सकाळी अनशापोटी, शॉर्ट्सवर किंवा व्यायाम झाल्या झाल्या. दोन-तीन टक्क्यांचा फरक एवढ्यानेच पडू शकतो. ट्रेनरला स्पष्ट सांगा: दोन्ही वेळा सकाळी, व्यायामाआधी, तीन-चार तास पोटात काही नसताना, तेच कपडे, मोबाईल आणि कडं काढून. उभं राहिल्यावर पाचेक मिनिटं थांबून मगच मोजा, कारण झोपल्या-बसल्याने पाणी अंगात वेगळ्या ठिकाणी साचलेलं असतं. हात अंगापासून सुटे धरा, काखेत टेनिसचा चेंडू मावेल इतके. दांड्यावर अंगठा इलेक्ट्रोडवर बरोबर बसला आहे ना, ते बघा. नोंदवलेली उंची दोन्ही कागदांवर सारखी आहे का, हे तर आधी तपासा. चुकीच्या उंचीचे रिपोर्ट फार येतात.

महिन्यातून एकदा पुरे. ७५ किलो वजन आणि २५ टक्के चरबी असलेल्या माणसाची निव्वळ दोन किलो चरबी गेली तर टक्का २५ वरून २२.९ वर येतो. दोन किलो चरबी घटवायला बहुतेकांना सहा ते आठ आठवडे लागतात, आणि मशीनचं रोजचं डुलणं एक-दीड टक्क्याचं. दर आठवड्याला मोजलं तर हाती फक्त डुलणं लागतं.

चिमटा, म्हणजे स्किनफोल्ड कॅलिपर

शिकून घेतला तर या यादीतली सगळ्यात मोलाची वस्तू हीच. पाणी प्यायलं म्हणून घडीची जाडी बदलत नाही, वीज लागत नाही, ॲप लागत नाही. हार्पेंडनसारखे धातूचे कॅलिपर जबड्यांवर दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम असा कायम दाब देतात. काहीशे रुपयांच्या प्लास्टिकच्या चिमट्यात ही हमी नसते. स्प्रिंग ढिली पडते आणि घडी जाड मोजली जाते. घेतल्यावर एक जाड पुठ्ठा किंवा कंपास पेटीतलं खोडरबर मोजून तो आकडा लिहून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी तीच वस्तू पुन्हा मोजा. आकडा सरकला तर चिमटा बदला.

पद्धत अशी. नेहमी उजवी बाजू. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने कातडी व तिच्याखालची चरबी उचला, स्नायू नको. शंका आली तर स्नायू आवळायला सांगा, तो चिमटीतून निसटतो. चिमटा बोटांच्या एक सेंटिमीटर खाली लावा, खटका पूर्ण सोडा, दोन सेकंदांनी वाचा. जास्त थांबलात तर चरबी दबत जाते आणि आकडा उतरतो. बोटांची पकड वाचन होईपर्यंत सोडू नका. एकाच जागी लागोपाठ तीनदा मोजायचं नाही. सगळ्या जागा एकदा, मग पुन्हा पहिल्यापासून, अशा तीन फेऱ्या करा आणि मधला आकडा घ्या. अंगाला तेल लावल्यावर, अंघोळीनंतर लगेच किंवा घामात मोजू नका, घडी निसटते.

जॅक्सन आणि पोलॉक यांच्या १९७८ च्या पद्धतीत पुरुषांच्या तीन जागा: छातीवर काखेची घडी आणि स्तनाग्र यांच्या मधोमध तिरपी, बेंबीच्या उजवीकडे दोन सेंटिमीटरवर उभी, आणि जांघेची रेघ व गुडघ्याची वाटी यांच्या मधोमध मांडीवर उभी. बायकांसाठी १९८० साली वेगळं सूत्र आलं. त्यात दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वर आणि मांडी. पुरुषांचं गणित: १.१०९३८ वजा ०.०००८२६७ गुणिले तिन्ही घड्यांची मिलिमीटरमधली बेरीज, अधिक ०.०००००१६ गुणिले बेरजेचा वर्ग, वजा ०.०००२५७४ गुणिले वय. आली ती शरीराची घनता. ४९५ ला तिने भागून ४५० वजा केले की टक्का, हे सिरी यांचं १९६१ चं सूत्र. वय ३५ आणि बेरीज ६० मिलिमीटर असेल तर १८.५ टक्के. तीच बेरीज ६६ भरली तर २०.२. प्रत्येक जागी दोन मिलिमीटरची चूक, आणि टक्का पावणेदोनने वर! शिकाऊ हाताकडून एवढी चूक सहज होते. म्हणून मोजणारा माणूस कधीही बदलू नका. पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे सरावाचे समजून सोडून द्या.

सिरींचं सूत्र चरबीची घनता ०.९ आणि बाकी शरीराची १.१ धरून चालतं. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाची किंवा वाढत्या मुलाची घनता तेवढी नसते. शिवाय ही समीकरणं अमेरिकन लोकांवर बांधलेली, आणि आपल्याकडे चरबी हातापायांपेक्षा धडावर जास्त साठते. यावर सोपा उपाय आहे: टक्का काढूच नका. मिलिमीटरची बेरीज लिहा आणि त्यात खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाशी पाठीवरची तिरपी घडी जरूर घ्या. बेरीज ९२ वरून ७८ वर आली, यात कोणतंही सूत्र मध्ये येत नाही. पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी मात्र चिमट्याच्या पकडीत येत नाही. फार स्थूल माणसाची घडी जबड्यात मावत नाही, तिथे हट्ट धरू नका, टेप घ्या.

टेप

शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते. पोलादी पट्टीला लावून ती तपासा. ५० सेंटिमीटरला अर्धा सेंटिमीटर फरक दिसला तर टाकून द्या. अमेरिकन नौदलाच्या पद्धतीत पुरुषांचा घेर बेंबीच्या पातळीवर आणि मानेचा घेर कंठमण्याच्या खाली घेतात. बायकांच्या बाबतीत कमरेची सगळ्यात बारीक जागा, नितंबांचा सगळ्यात मोठा घेर आणि मान. सूत्र लांबलचक आहे, ते इंटरनेटवर तयार मिळतं. चूक कुठे होते ते मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. उंची १७०, पोट ९०, मान ३८ असेल तर २१.५ टक्के येतात. पोट ९२ वाचलं तर २२.९. मान ३८ ऐवजी ३७ वाचली तर २२.२. पोट आत ओढून मोजणं हीच सगळ्यात मोठी फसगत, म्हणून सहज श्वास सोडल्यावर, टेप जमिनीला समांतर ठेवून, कातडीला टेकेल पण रुतणार नाही अशी धरून वाचा. आरशासमोर उभे राहा, म्हणजे टेप पाठीमागे खाली घसरली आहे का ते कळतं.

टक्का सोडून दिला तरी नुसता पोटाचा घेर आरोग्याबद्दल घरच्या काट्यापेक्षा जास्त सांगतो. भारतीयांसाठी धोक्याची रेघ पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात. फुकटात मिळणाऱ्या गोष्टींत याहून चांगलं काही नाही.

बाकीच्या पद्धती

पाण्याखाली बुडवून तोलणं आणि हवाबंद अंड्यासारख्या बॉड पॉडमध्ये बसवून आकारमान काढणं, या दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, पण आपल्याकडे संशोधनसंस्थांबाहेर क्वचितच मिळतात. पहिलीत फुप्फुसात उरलेली हवा मोजली नाही तर सगळं फुकट. दुसरीत सैल कपडे आणि मोकळे केस घोळ घालतात. मनगटावरच्या घड्याळात दोन बोटं टेकवून चरबी सांगण्याची सोय सॅमसंगने २०२१ च्या गॅलक्सी वॉच ४ मध्ये आणली. रस्ता हातांमधूनच जातो, म्हणून घरच्या काट्याचे सगळे दोष इथेही, फक्त वरच्या अंगाला. फोटोवरून टक्का सांगणाऱ्या ॲपवर वेळ घालवू नका.

डेक्सा

मोठ्या शहरांतल्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये डेक्सा मशीन असतं, पण ते बहुतेक वेळा कमरेच्या आणि खुब्याच्या हाडांसाठी वापरतात. फोनवर 'डेक्सा आहे का' असं विचारलंत तर 'आहे' म्हणतील आणि बोन डेन्सिटीचा कागद हातात ठेवतील. 'होल बॉडी, बॉडी कॉम्पोझिशन करता का' असंच विचारा. त्याचं सॉफ्टवेअर सगळीकडे घेतलेलं नसतं.

दोन वेगवेगळ्या शक्तीचे क्ष-किरण शरीरातून जाताना किती अडतात यावरून हाड, चरबी आणि बाकीचा मऊ भाग वेगळा काढतात. जिथे हाड आडवं येतं, तिथे मागची चरबी दिसत नाही, शेजारच्या भागावरून अंदाज घेतात; आणि शरीराच्या साधारण ४० टक्के ठिपक्यांत हाड असतंच. तरीही विकत मिळणाऱ्या सेवांमध्ये ही सगळ्यात भरवशाची. किरणोत्सर्ग काही मायक्रोसिव्हर्टचा, म्हणजे निसर्गातून दिवसभरात आपल्याला मिळतो त्याच्या आसपास. गरोदर बाईने मात्र करायची नाही. कॅल्शियमची गोळी त्या दिवशी घेऊ नका. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी, ब्राचे हुक, जीन्सचं बटण, सगळं काढून जा. जोडवी निघतच नसतील तर तंत्रज्ञाला सांगा आणि पुढच्या वेळीही तशीच असू द्या. आदल्या आठवड्यात बेरियम किंवा डाय देऊन स्कॅन झाला असेल तर तारीख पुढे ढकला. फार रुंद बांधा असेल तर टेबलाच्या कडेला हात बाहेर पडतो. तो चित्रात आला का हे उठण्याआधी विचारा.

रिपोर्ट वाचताना एक गोष्ट फार लोकांच्या नजरेतून सुटते. काही मशीन दोन टक्के छापतात: एक एकूण वजनाच्या मानाने, दुसरा हाडं वगळून. वजन ७५ किलो, चरबी २० किलो, हाडातली खनिजं २.८ किलो असतील तर पहिला २६.७ आणि दुसरा २७.७. मागच्या वेळी पहिला आणि या वेळी दुसरा बघितला तर काहीही न होता चरबी एका टक्क्याने वाढली असं वाटेल. म्हणून किलोमधली चरबी बघा, टक्का नंतर. त्यातही २० किलो चरबी असलेल्या माणसाच्या दोन स्कॅनमध्ये दीड किलोपर्यंतचा फरक असेल तर त्याला बदल म्हणू नका. तो मशीनच्या आणि झोपण्याच्या पद्धतीच्या चुकीत बसतो. म्हणून चार-सहा महिन्यांपेक्षा जवळ स्कॅन करण्यात पैसे वाया जातात.

होलॉजिक आणि जीई या दोन कंपन्यांची मशीन त्याच माणसाला वेगळे आकडे देतात. सेंटर तेच निवडा, आणि कागदाच्या कोपऱ्यात छापलेलं मशीनचं मॉडेल व सॉफ्टवेअरची आवृत्ती मागच्या कागदाशी जुळते का ते काउंटर सोडण्याआधी बघा. मशीन बदललं असेल तर जुना रिपोर्ट फाइलला लावून ठेवा आणि आजच्या आकड्यापासून नव्याने मोजायला लागा.